फोल्डर सगळ्यांचं, मालक कोण?

केंद्र सरकारची १२ लाख मेल खाती चेन्नईच्या झोहो कंपनीच्या यंत्रणेवर गेली, ऑक्टोबर २०२५मध्ये गृहमंत्री अमित शहांनी आपला नवा झोहो पत्ता जाहीर केला, शिक्षण मंत्रालयानंही अधिकाऱ्यांना झोहोचा ऑफिस संच वापरायला सांगितलं. तेव्हापासून ‘आपणही गूगल सोडायचं का?’ हा प्रश्न सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि संस्थांच्या कार्यकारिणीत रंगतो आहे. रंगू दे. पण या मंडळींचं काम रोज ज्या कारणानं अडतं, त्याचा, सर्व्हर चेन्नईवाल्या कंपनीचा की कॅलिफोर्नियावाल्या कंपनीचा, याच्याशी सुतराम संबंध नाही. ‘अहो, लिंक उघडत नाही’ ही तक्रार स्वदेशी क्लाउडवरही तितक्याच जोमानं येणार आहे.

सर्वसाधारण सभेच्या आदल्या रात्री सचिव ताळेबंदाची लिंक ग्रुपवर टाकतात. सभासद फोनवर ती दाबतात आणि समोर येतं, ‘यू नीड अ‍ॅक्सेस’. सचिवांनी परवानगी दिलेली असते, सभासदाचा मेल पत्ताही बरोबर असतो. फक्त फोनवर त्या क्षणी चालू असलेलं खातं दुसरंच असतं. ऑफिसचं, किंवा मुलानं कधीतरी गेमसाठी काढलेलं. वरच्या कोपऱ्यातला गोल फोटो दाबून खातं बदललं की तीच लिंक मुकाट्यानं उघडते. संगणकावर हाच घोळ पत्त्याच्या ओळीत डोळ्यांना दिसतो. तिथं ‘यू’ या अक्षरापुढे ० किंवा १ असा आकडा असतो. ब्राउझरमध्ये तुमची जी दोन-तीन खाती उघडी आहेत, त्यांतलं कितवं चालू आहे, ते हा आकडा सांगतो. पत्त्याची ओळ जशीच्या तशी उचलून पाठवली, तर तुमचा १ समोरच्याच्या दुसऱ्या खात्याचं दार ठोठावतो. म्हणून लिंक नेहमी ‘शेअर’मधल्या ‘कॉपी लिंक’नंच घ्यावी.

ऑफिसच्या खात्यावरून बाहेरच्या माणसाला फाइल जातच नसेल, तर ती बहुधा कंपनीच्या अ‍ॅडमिननं घातलेली बंदी असते. तिथं डोकं आपटू नये.

‘लिंक उघडत नाही’च्या कटकटीला वैतागलेले सचिव शेवटी ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय निवडतात आणि ग्रुपवर शांतता नांदते. त्या शीटमध्ये सभासदांचे मोबाइल नंबर असतात, पॅन असतो, कोणाची किती थकबाकी तेही असतं. लिंक पुढे कुठवर गेली, हे कोणालाच कळत नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. सोसायट्यांच्या मात्र ते अजून गावीही नाही.

आता मुख्य दुखणं. गूगल ड्राइव्हवरचं सामायिक फोल्डर म्हणजे सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट सगळ्यांची. त्यातही मेख अशी की फोल्डर सचिवांचं असलं, तरी आत जी फाइल ज्यानं चढवली ती त्याच्याच मालकीची राहते आणि जागाही त्याच्याच खात्यातली खाते. फुकट खात्याला मिळतात १५ जीबी. त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा संसार. खजिनदारांच्या नातवंडांच्या व्हिडिओंनी ती जागा भरली की वार्षिक हिशेबाची शीट अडते. आणि ती एकट्या खजिनदारांची अडत नाही. मर्यादा ओलांडलेल्या मालकाच्या फाइलमध्ये इतरांनाही बदल करता येत नाही, तिची प्रतही काढता येत नाही. बाकीचे सगळे मात्र ‘नेट स्लो आहे’ म्हणत राउटर बंद-चालू करत बसतात.

फाइल ‘गायब’ होण्याचं रहस्यही इथंच आहे. मालकानं फाइल उडवली की ती फोल्डरमधून दिसेनाशी होते. कचरापेटीतून ती परत काढायला त्यालाच ३० दिवस मिळतात. पण फोल्डर दुसऱ्या कोणी उडवलं, तर तुम्ही त्यात चढवलेली फाइल मरत नाही. ती तुमच्याच ड्राइव्हमध्ये कुठल्याही फोल्डरविना बेवारस पडून राहते. शोधपट्टीत ‘इज:अनऑर्गनाइज्ड ओनर:मी’ एवढं इंग्रजीत टाइप केलं, तर अशा हरवलेल्या फाइली रांगेनं पुढे येतात. वर्षानुवर्षं ड्राइव्ह वापरणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

मालक बदलताना आणखी एक फसगत होते. मावळते सचिव मोठ्या मनानं फोल्डर नव्या सचिवांच्या नावावर करतात आणि सुटलो म्हणतात. पण फोल्डरची मालकी दिली म्हणून आतल्या फाइलींची जात नाही. ती वेगळी द्यावी लागते आणि घेणाऱ्यानं मेलवर होकारही द्यावा लागतो. नाहीतर इतिवृत्तं राहतात जुन्या सचिवांकडे, आणि ते न्यू जर्सीला मुलाकडे. दोन वर्षं वापरात नसलेली वैयक्तिक खाती पुसायचं धोरण गूगलनं मे २०२३मध्ये जाहीर केलं, डिसेंबर २०२३पासून ते लागू आहे. खातं गेलं की त्याच्या मालकीच्या फाइलीही गेल्या. ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय २०१३पासून आहे. आपण गप्प झालो तर डेटा कोणाला द्यायचा, हे तिथं आधीच नोंदवता येतं. पण आपल्याकडे इच्छापत्र करायलाच लोक टाळाटाळ करतात, तिथं हे कोण करणार?

फाइलीची मालकी माणसाकडे न ठेवता संस्थेकडे ठेवणं, हा खरा उपाय. गूगलनं तो २०१७मध्ये ‘टीम ड्राइव्ह’ म्हणून आणला, आज त्याला ‘शेअर्ड ड्राइव्ह’ म्हणतात. झोहोच्या वर्कड्राइव्हमध्ये तेच काम ‘टीम फोल्डर’ करतं. सभासद गेला तरी फाइल जागची हलत नाही. गूगलच्या फुकट वैयक्तिक खात्यात ही सोय नाही. नोंदणीकृत सेवाभावी संस्था पात्र ठरल्या, तर त्यांना गूगलचं संस्थात्मक खातं विनामूल्य मिळतं, मागणारे थोडे. लाखोंचा देखभाल निधी बाळगणाऱ्या सोसायट्या मात्र महिन्याच्या काहीशे रुपयांसाठी सगळं दफ्तर एका काकांच्या खाजगी जीमेलवर ठेवतात. हा कंजूषपणा आहे. झोहो घ्या नाहीतर गूगल घ्या, पण खातं संस्थेच्या नावानं घ्या.

तोवर एवढं करा. तुमच्या सोसायटीचं, मंडळाचं, वाचनालयाचं फोल्डर उघडा. एकेका महत्त्वाच्या फाइलीच्या ‘डीटेल्स’मध्ये जाऊन ‘ओनर’पुढे कोणाचं नाव आहे ते वाचा. त्यात समिती सोडून गेलेल्या कोणाचं नाव दिसलं, तर त्यांना आजच फोन लावा.