लहरींचा मधला टप्पा

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात कळस नावाचे गाव आहे. अशा गावातले एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणा. हात-दीड हात रुंदीच्या दगडी भिंती, वर माळवद, पुढे ओसरी, मध्ये माजघर आणि मागे अलीकडे बांधलेली पत्र्याची खोली. इंटरनेटची तार रस्त्याच्या बाजूने आत आली, म्हणून राउटर ओसरीवरच बसवला. ओसरीवर बसले की व्हिडिओ कसा झकास चालतो! माजघरात तो अडखळू लागतो. आणि मागच्या खोलीत, जिथे दहावीतली मुलगी अभ्यासाला बसते, तिथे ‘रेंजच नाही’. मग भर थंडीत रात्री तिला पुस्तके घेऊन ओसरीवर यावे लागते.

समजा, तिच्या वडिलांनी यावर उपाय म्हणून बाजारातून एक वाय-फाय एक्स्टेंडर आणला आणि मागच्या खोलीत लावला. फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेषा भरल्या. पण व्हिडिओ पहिल्यासारखाच अडखळतो! पैसे वाया गेले काय? यंत्र बिघडलेले आहे काय? तसे काही नाही. यंत्र चांगले आहे, त्याची जागा तेवढी चुकली आहे. ती कशी, हे समजण्यासाठी आधी लहरींचा प्रवास पाहू.

लहर दुबळी का होते?

राउटर आणि फोन एकमेकांशी रेडिओलहरींनी बोलतात. वाय-फायसाठी प्रामुख्याने दोन पट्टे वापरतात. एक सुमारे २,४०० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनांचा. या लहरीची लांबी भरते साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. दुसरा पट्टा ५,००० मेगाहर्ट्‌झच्या पुढचा. तिथली लहर याच्याही निम्मी, तीन-चार बोटांएवढी.

राउटरमधून निघालेली लहर सगळीकडे पसरत जाते. त्यामुळे मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तिची तीव्रता चौथा हिस्सा उरते, तिप्पट झाले की नववा हिस्सा. शिवाय वाटेत भिंती येतात. भिंतीतून लहर जाते का? जाते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच आखूड लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पण प्रत्येक भिंत आपली जकात घेतेच. लाकडी दार थोडी घेते, विटांची भिंत जास्त घेते, जाड दगडी भिंत त्याहून जास्त. ओली भिंत आणि भरलेली पाण्याची टाकी लहर शोषून घेतात. लोखंडी पत्रा तर तिला चक्क परत फिरवतो. आखूड लहरीला भिंती जास्त नडतात, म्हणून ५,००० चा पट्टा वेगवान असला तरी दोन भिंतींत दमतो.

एक सोपा प्रयोग करून पाहा. एका फोनवर हॉटस्पॉट चालू करा आणि तो घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. आता दुसरा फोन घेऊन दूर जात राहा. डब्याचे झाकण उघडे असताना आणि लावलेले असताना रेषांमध्ये किती फरक पडतो, ते टिपून ठेवा.

फोनवरच्या रेषा फार ढोबळ असतात. मोजणी नेमकी हवी असेल तर लहरीची ताकद आकड्यात दाखवणारी साधने फोनवर मिळतात. त्यांत −५०, −७० असे ऋण आकडे दिसतात. १ मिलिवॅट शक्ती म्हणजे शून्य, आणि तिथून दर दहा अंक खाली उतरले की शक्ती दहावा भाग उरते. म्हणजे −७० या आकड्याला फोनपाशी पोचणारी शक्ती किती? एक मिलिवॅटचा कोटीवा भाग! एवढ्याशा शक्तीतूनही फोन आपला निरोप वेचून काढतो, हे नवलच. पण आकडा −८० च्याही खाली गेला की त्याला निरोप नीट ऐकू येत नाही. मग तो तेच तेच पुन्हा विचारतो, आणि आपला व्हिडिओ थांबतो.

घोडा ताजा, निरोप तोच

दुबळ्या झालेल्या निरोपाला मध्येच नवी ताकद देण्याची युक्ती फार जुनी आहे. पूर्वी डाकेच्या वाटेवर चौक्या असत. दमलेला स्वार तिथे थांबे आणि ताजा स्वार थैली घेऊन पुढे दौडे. तारायंत्राच्या काळात लांबच्या तारेतून येणारा विद्युत्प्रवाह क्षीण होई. तेव्हा वाटेत ‘रिले’ नावाचे उपकरण ठेवत. क्षीण प्रवाहाने त्यातला विद्युतचुंबक जागा होई आणि नव्या बॅटरीचा प्रवाह पुढच्या तारेत सोडी.

पुणे जिल्ह्यातले याचे मोठे उदाहरण सिंहगडावर आहे. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पण दूरचित्रवाणीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि मुंबई-पुण्याच्या मध्ये सह्याद्री उभा. म्हणून १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारले. मुंबईचे कार्यक्रम तिथून पुन्हा प्रक्षेपित होत आणि पुणेकरांच्या घरी दिसत. जागा कशी निवडली, याकडे लक्ष द्या. मुंबईचा कार्यक्रम जिथे चांगला मिळवता येईल आणि जिथून पुण्याचा मुलूख नजरेत येईल, अशी ती उंच जागा होती.

घरातला एक्स्टेंडर म्हणजे छोटासा सिंहगडच. तो राउटरचा निरोप ऐकतो, त्यात चूक नाही ना हे तपासतो आणि ताज्या दमाने पुढे सांगतो. फोनचे उत्तरही तो असेच उलट वाटेने राउटरपर्यंत पोचवतो.

मोटर कुठे बसवायची?

आता आपल्या मागच्या खोलीकडे वळू. बारामती-इंदापूर भागातून नीरा डावा कालवा जातो. कालव्याच्या टेलला पाणीच पोचले नाही, तर तिथे कितीही मोठी मोटर बसवून काय उपयोग? मोटर पाणी उचलते, ते निर्माण करत नाही. एक्स्टेंडरचे तेच आहे. मागच्या खोलीत राउटरची लहर पोचतच नव्हती. तिथे एक्स्टेंडर ठेवला तर तो तरी काय ऐकणार आणि काय पुढे सांगणार? मग फोनवरच्या रेषा का भरल्या? कारण त्या रेषा फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातली ताकद दाखवतात. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यातली नव्हे!

म्हणून त्याची जागा मधली हवी: जिथे राउटर अजून स्वच्छ ऐकू येतो आणि जिथून मागची खोलीही आवाक्यात असते. समजा, ओसरीवर आकडा −४५ आहे, माजघराच्या मागच्या दाराशी −६२ आणि मागच्या खोलीत −८४. तर एक्स्टेंडर माजघराच्या त्या दाराशीच लावायला हवा. उघड्या दारातून लहर सहज जाते.

आणखी एक मर्यादा आहे. साधा एक्स्टेंडर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो. दोन्ही कामे एका वेळी करता येत नाहीत. प्रत्येक निरोप हवेत दोनदा सांगावा लागतो, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर एका पट्ट्यावर राउटरशी आणि दुसऱ्यावर फोनशी बोलू शकतो, त्यामुळे ही अडचण बरीच कमी होते.

तुमच्या घराची पाहणी करा

एका कागदावर घराचा आराखडा काढा. भिंती, दारे, लोखंडी कपाट, फ्रीज, पाण्याची टाकी हे सगळे त्यात दाखवा. मग फोन हातात घेऊन दर तीन-चार पावलांवर थांबा आणि आकडा लिहा. दारे उघडी ठेवून एकदा आणि बंद करून एकदा.

आधी राउटरच्या अगदी जवळ बसून इंटरनेटचा वेग पाहा. तिथेच वेग कमी असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या तारेकडचा आहे, तो एक्स्टेंडरने जाणार नाही. वेग चांगला असेल तर राउटरच हलवून पाहा. तो जमिनीवरून उचलून उंच फळीवर ठेवा, कपाटाआडून बाहेर काढा, जमल्यास घराच्या मध्यावर आणा. पुष्कळदा एवढ्यानेच, एक रुपयाही खर्च न करता, काम होते.

तरी मागची खोली कोरडीच राहिली तर एक्स्टेंडर आणायला हरकत नाही. तो −६० ते −६५ आकडा दाखवणाऱ्या जागी लावा. आणि भिंतीला भोक पाडून तार नेणे शक्य असेल तर त्याहून उत्तम. नेटवर्कची साधी तार १०० मीटरपर्यंत निरोप नेते आणि वाटेतल्या भिंतींना जकात द्यावी लागत नाही. तारेच्या मागच्या टोकाला दुसरा राउटर किंवा तारेची सोय असलेला एक्स्टेंडर जोडला की वेग निम्मा होण्याचा प्रश्नच उरत नाही.

नवे यंत्र विकत घेण्याआधी हा आराखडा घरातल्या मोठ्यांना दाखवा. कुठल्या भिंतीने किती अंक खाल्ले, ते त्यांना त्यावरून समजावून सांगा.