नदीचा तळ आणि ट्राउटचा गळ

भारतातील मत्स्यव्यवसायाचा विचार बहुधा समुद्रकिनारा, खाड्या आणि मैदानी प्रदेशांतील तलाव यांच्या संदर्भात केला जातो. हिमालयातील थंड, वेगवान आणि खडकाळ प्रवाहांचे मत्स्यजीवन हा त्या मानाने दुर्लक्षित राहिलेला विषय आहे. या प्रवाहांत सर्वाधिक प्रसिद्धी लाभलेला मासा म्हणजे ट्राउट. तो मूळचा येथील नाही. १८९९ मध्ये ब्रिटनमधून काश्मीरला पाठविलेली तपकिरी ट्राउटची अंडी वाटेतच नष्ट झाली. १९०० च्या अखेरीस स्कॉटलंडहून आलेल्या दुसऱ्या खेपेतील पिल्ले मात्र जगली. श्रीनगरमधील गालिच्यांचे कारखानदार फ्रँक मिचेल यांनी त्यांच्या संगोपनात पुढाकार घेतला होता. काश्मीरमधूनच १९०९ च्या सुमारास हा मासा कुलू खोऱ्यात, बियास नदीत पोहोचला. निलगिरीच्या थंड ओढ्यांतही विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावला.

पुढे ट्राउटचे दोन स्वतंत्र उपयोग रूढ झाले. पहिला, सिमेंटच्या वाहत्या हौदांत केले जाणारे इंद्रधनुषी ट्राउटचे संवर्धन. काश्मीरमधील कोकरनाग येथे १९८४ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या साहाय्याने, तर हिमाचल प्रदेशातील पतलीकुहल येथे नॉर्वेच्या सहकार्याने त्याला चालना मिळाली. १९८७ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने शीतजल मत्स्यव्यवसायासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन केले. भीमताल येथून काम पाहणाऱ्या या केंद्राला २००८ मध्ये संचालनालयाचा दर्जा मिळाला. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही शीतजल मत्स्यव्यवसायाला स्थान आहे. दुसरा उपयोग नदीतील छंदमासेमारीचा. काश्मीरमध्ये लिद्दर, सिंध, ब्रिंगी यांसारख्या प्रवाहांचे टप्पे पाडून मत्स्यव्यवसाय विभाग परवाने देतो आणि पर्यटकांबरोबर जाणाऱ्या स्थानिक वाटाड्यांना त्यातून हंगामी रोजगार मिळतो. या मासेमारीत जिवंत आमिषाऐवजी गळावर दोरा, तार, लोकर व पिसे गुंडाळून तयार केलेला कृत्रिम कीटक वापरतात. त्याला ‘फ्लाय’ म्हणतात. असा फ्लाय चांगला बांधायचा, तर नदीच्या तळाशी काय जगते हे आधी ठाऊक असावे लागते. भारित कॅडिस कोश आणि भारित स्कड या दोन प्रकारांत ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

तळावरचे दोन जीव

कॅडिस हा ट्रायकॉप्टेरा गणातील कीटक होय. अंडी, अळी, कोश आणि प्रौढ अशा चारही अवस्थांतून तो जातो, म्हणजेच त्याचे रूपांतरण पूर्ण स्वरूपाचे असते. अळी पाण्यातच वाढते व तोंडाजवळून रेशमासारखा धागा काढते. काही जाती या धाग्याने वाळूचे कण किंवा काडीकचरा जोडून अंगाभोवती नळी बांधतात, काही दगडांच्या फटींत जाळे विणून वाहत येणारे अन्न अडवितात, तर काही मोकळ्याच फिरतात. वाढ पूर्ण झाल्यावर अळी दगडाला चिकटून कोशावस्थेत जाते. काही आठवड्यांनी आतील जीव आवरण कापून बाहेर पडतो, काही काळ तळालगत वाहतो आणि मग पृष्ठभागाकडे झेपावतो. त्याच्या आयुष्यातील सर्वांत असुरक्षित क्षण हाच. पंख अद्याप उघडलेले नसतात, लपायला जागा नसते आणि ट्राउट नेमका याच वाटेवर टपून बसलेला असतो.

स्कड मात्र कीटकच नव्हे. तो कोळंबीचा दूरचा नातेवाईक, ॲम्फिपॉड गटातील कवचधारी प्राणी आहे. ‘फ्लाय’ म्हणजे माशी असा शब्दशः अर्थ घेणाऱ्याची येथे फसगत होते. दोन्ही बाजूंनी चपटे शरीर, पाठीवर खंडांची रांग आणि पोटाखाली पायांची दाटी अशी त्याची ठेवण असते. विसाव्यात तो वाकून पडतो, पोहताना मात्र बराचसा सरळ होतो. चुनखडकातून येणारे, वर्षभर जवळजवळ समान तापमानाचे झऱ्याचे पाणी आणि त्यातील पाणवनस्पती त्याला मानवतात, कारण कवचासाठी लागणारे कॅल्शियम अशा पाण्यात भरपूर असते. दक्षिण काश्मीरमध्ये कोकरनाग, अच्छाबल आणि वेरीनाग हे झरे चुनखडकाच्याच प्रदेशात आहेत. ट्राउटच्या मांसाला येणारी गुलाबी छटाही बव्हंशी अशा कवचधाऱ्यांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येते. संवर्धनाच्या हौदात हे अन्न नसल्याने तशी छटा हवी असल्यास खाद्यात ॲस्टाझॅन्थिन मिसळावे लागते.

वजन कशासाठी?

वाहत्या पाण्याचा वेग सर्वत्र सारखा नसतो. तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे तेथील थर मंद असतो, वरचे पाणी वेगाने धावते. ट्राउट दगडाच्या आडोशाला, याच मंद थरात उभा राहतो. कमीत कमी शक्ती खर्चून जास्तीत जास्त अन्न मिळविण्याची ती व्यवस्था होय. त्याचे बरेचसे भक्ष्य पाण्याखालीच मिळते. नुसत्या लोकरीचा व पिसांचा हलका फ्लाय वरच्या वेगवान थरातच अडकतो आणि माशापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाहून जातो. म्हणून गळाच्या दांड्यावर धातूची तार गुंडाळतात किंवा पुढच्या टोकाला धातूचा मणी ओवतात.

या कल्पनेचा विकास टप्प्याटप्प्याने झाला. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरून वजन व बांधणी ही दोन्ही कामे एकाच वस्तूकडून करून घेतली. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत गॅरी लाफाँटेन यांनी १९८१ च्या ‘कॅडिसफ्लाइज’ या ग्रंथात कोशातून बाहेर पडलेल्या जिवाच्या त्वचेखालील वायूची चमक माशाला आकर्षित करते असे प्रतिपादन केले आणि त्यासाठी प्रकाश परावर्तित करणारे कृत्रिम तंतू सुचविले. १९८० च्या दशकात पोलंड व तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील स्पर्धकांनी कॅडिस व स्कड यांच्या जड प्रतिकृती आखूड दोरीने थेट तळालगत फिरविण्याची पद्धत जगासमोर आणली. या पद्धतीला आज ‘चेक निम्फ’ हे नाव आहे.

बांधणीची रीत

कॅडिस कोशासाठी १२ ते १६ क्रमांकाचा वक्र गळ घेतात. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे येथे ध्यानात घ्यावे. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट केला, तर पकडलेला मासा इजा न होता सोडता येतो. प्रथम अडीच ते तीन मिलिमीटर व्यासाचा मणी टोकाकडून ओवून गळाच्या नेढ्यापाशी आणतात आणि गळ व्हाइसमध्ये घट्ट बसवितात. मण्यामागे बारीक तारेचे आठ-दहा वेढे देऊन ते मण्याच्या पोकळीत सरकवितात, म्हणजे मणी डळमळत नाही. नंतर दोऱ्याचा पाया घालून तारेच्या दोन्ही बाजूंचा उतार भरून काढतात. ही पायरी कंटाळवाणी वाटते, परंतु ती टाळली की वरील लोकर घसरते आणि दोन-चार फेकींतच फ्लाय उलगडू लागतो.

बाकाच्या मध्यापासून तांब्याची केसासारखी तार बांधून ठेवावी. मेणाचा हात लावलेल्या दोऱ्यावर पिंजलेली लोकर चिमटीने पिळून तिचा पीळ गळावर पुढे गुंडाळावा. फिकट हिरवा, मळकट पिवळा किंवा बदामी यांपैकी रंग त्या नदीतील दगड उलटून पाहूनच ठरविणे श्रेयस्कर. तांब्याची तार समान अंतराने फिरविली की उदराचे खंड उमटतात. मण्यामागे थोडी जागा राखून तेथे तित्तिराच्या मऊ पिसाचे एक-दोन वेढे पायांसाठी आणि सशाच्या केसांची गडद लोकर वक्षासाठी घालून गाठ मारतात.

स्कडच्या बांधणीत मणी बहुधा नसतो, कारण या प्राण्याचे डोके उठून दिसत नाही. वजन दांड्यावरच्या तारेतूनच द्यावे लागते. तार पक्कडीने किंचित चपटी केल्यास शरीराची चपटी ठेवण आपोआप साधते. पाठीवर पारदर्शक प्लॅस्टिकची दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी मागच्या टोकाला बांधून ठेवतात, करड्या-हिरव्या लोकरीचे शरीर भरतात, मग पट्टी पाठीवरून ओढून बारीक तारेने आवळतात. शेवटी सुईने पोटाकडील तंतू उकरून खाली काढले की पाय तयार होतात. काही कारागीर मध्यभागी नारिंगी लोकरीचा एक ठिपका ठेवतात. त्यामागे जीवशास्त्र आहे. विशिष्ट परजीवी कृमीची लागण झालेल्या स्कडच्या अंगात असाच नारिंगी ठिपका दिसतो, त्याचे वर्तन बदलते आणि तो माशाच्या तोंडी अधिक सहज सापडतो.

पिसांच्या बाबतीत भारतीय कायद्याचे भान आवश्यक ठरते. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांची पिसे एकेकाळी युरोपातील फ्लायसाठी मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असत. आज हा पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. मोराच्या गळून पडलेल्या पिसांच्या देशांतर्गत व्यापाराला कायद्यात सवलत असली, तरी त्यांची निर्यात निषिद्ध आहे. वर वर्णन केलेल्या दोन्ही प्रकारांना यांपैकी कशाचीही गरज नाही. पाळीव कोंबडीचे मऊ पीस तित्तिराच्या जागी पुरेसे होते.

शिसे की टंगस्टन

वजनासाठी दीर्घकाळ शिशाची तार वापरली गेली. ती स्वस्त व मऊ असते, पण विषारीही असते. ब्रिटनमध्ये मच्छीमारांनी गमावलेली शिशाची वजने खड्यांसोबत गिळल्याने राजहंस मोठ्या संख्येने मरत असल्याचे आढळले आणि १९८७ पासून तेथे शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली. फ्लायमधील शिसे प्रमाणाने अत्यल्प असते हे खरे. तथापि दगडांत अडकून तुटलेला प्रत्येक फ्लाय नदीतच राहतो, ही बाब दुर्लक्षणीय नव्हे. टंगस्टन हा समर्थ पर्याय होय. शिशाची सापेक्ष घनता सुमारे ११.३ असते, तर टंगस्टनची सुमारे १९.३, म्हणजे तेवढ्याच आकारात सुमारे १.७ पट वजन. त्यामुळे शरीर सडपातळ ठेवता येते, पाण्याचा रोध घटतो आणि फ्लाय लवकर खाली जातो. किंमत जास्त, एवढीच अडचण.

तळाचे गुण

हे दोन्ही जीव नदीच्या आरोग्याचे मापकही आहेत. पाण्याची रासायनिक चाचणी नमुना घेतला त्या घटकेची स्थिती सांगते. तळावरील जीव मात्र महिनोन्‌महिने तेथे राहत असल्याने मागील काळाचीही साक्ष देतात. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या जैविक गुणांकन पद्धतीत प्रत्येक कुलाला १ ते १० गुण दिले जातात. नळी बांधणाऱ्या कॅडिसच्या अनेक कुलांना १०, जाळे विणणाऱ्या हायड्रोसायकिडी कुलाला ५, स्कडच्या गॅमेरिडी कुलाला ६, तर प्रदूषण सहज सोसणाऱ्या गांडूळवर्गीय कृमींना केवळ १. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशाच तळजीवांच्या आधारे जैविक जलगुणवत्तेचे ‘अ’ ते ‘इ’ असे पाच वर्ग ठरविले आहेत.

या जिवांना सर्वांत मोठा धोका सांडपाण्याइतकाच गाळाचा आहे. नदीपात्रातून वाळू-गोटे उपसले की बारीक गाळ मोकळा होऊन दगडांच्या फटी बुजवितो. कॅडिसचे घर आणि ट्राउटची अंडी घालण्याची जागा एकाच वेळी नाहीशी होते. वाळू उत्खननासाठी २०१६ व २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असली, तरी त्यांचा प्रत्यय दस्तऐवजापेक्षा नदीच्या तळावरच घ्यावा लागतो. तापमानवाढ हा दुसरा घटक. समुद्रसपाटीच्या दाबाला १० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळवू शकते, २५ अंशांना ही क्षमता ८.३ मिलिग्रॅमपर्यंत घसरते. उंचावर ती आणखी कमी असते. शिवाय ट्राउट स्वतः परका आहे. हिमालयातील देशी स्किझोथोरॅक्स माशांशी तो अन्न व जागेसाठी स्पर्धा करतो, हा आक्षेप निराधार नाही. परंतु तळ बिघडला तर देशी व परदेशी दोन्ही मासे सारखेच संकटात येतात.

११ फेब्रुवारी २०२२ रोजी अनंतनाग जिल्ह्यात वंदेवलगाम येथे ब्रिंगीच्या पात्रात विवर पडले. संपूर्ण प्रवाह त्यात गडप झाला आणि खालचे पात्र कोरडे पडून असंख्य ट्राउट मेले. चुनखडकाच्या प्रदेशात पाण्याने खडक विरघळून भूगर्भात पोकळ्या होतात, त्यामुळे ही घटना भूशास्त्रदृष्ट्या अनपेक्षित नव्हती. अशा पात्रात पाणी परतल्यावर मत्स्यबीज केंद्रातून ट्राउटची पिल्ले आणून सोडता येतात, पण कॅडिस व स्कड यांची बीजकेंद्रे नाहीत. कॅडिसच्या अळ्या वरच्या भागातून वाहत येतात आणि प्रौढ माद्या उडत येऊन अंडी घालतात, त्यामुळे त्यांचे पुनरागमन तुलनेने लवकर होऊ शकते. स्कडला पंखांची अवस्थाच नाही. जवळचा एखादा झरा किंवा उपप्रवाह जिवंत आणि जोडलेला असेल, तरच तो दगडादगडाने सरकत परत येतो.