बालाघाटाचा चढ आणि घरची सायकल

सायकल हे वाहन आपल्या सुशिक्षित घरांस नवे नाही. दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडात स्टार्ले ह्यांनी १८८५ साली प्रचारात आणली. १८८८ साली डनलॉप ह्यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि त्याच साली बेळगावास किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामूअण्णांनी त्या विकून गिऱ्हाइकांस चालविण्यासही शिकवावे, असा तो व्यवसाय होता. पुढे कचेरीस व शाळेस जाण्याचे साधन म्हणून सायकल घरोघर आली, आणि स्कूटर व मोटार येताच ती मुकाट्याने अडगळीत गेली.

आता ती पुन्हा घरात येत आहे, परंतु निराळ्या वेषाने. बारीक चाके, मेंढ्याच्या शिंगासारखे वळविलेले हँडल, वीस-बावीस गिअर आणि हजारांत नव्हे तर कित्येकदा लाखांत मोजावी लागणारी किंमत! चिरंजीव किंवा सूनबाई असली सायकल मागू लागली, की वडील मंडळींच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात : एवढा खर्च कशासाठी, एवढ्या दूर जाणे कशासाठी, आणि गेलेले माणूस सुखरूप परत येईल ना? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. धाराशिव जिल्ह्यातील रस्ते डोळ्यांपुढे ठेवून आम्ही त्यांचा विचार करणार आहोत. कारण सायकलीची परीक्षा दुकानात होत नाही, ती रस्त्यावर होते.

रस्ता काय मागतो?

हा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर व त्याच्या उतारांवर वसलेला आहे. सोलापुराहून तुळजापुरास येताना सुमारे ४५ किलोमीटरांत दोनशे मीटरच्या आसपास उंची चढावी लागते, आणि तिच्यातील बराच भाग शेवटच्या घाटात येतो. पठारावर आल्यावरही रस्ता पाटासारखा सपाट नाही. चढ-उतारांच्या लाटा चालूच राहतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा उघड्या माळावर समोरून आला म्हणजे सपाट रस्ताही घाट होतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. बांधावरच्या बाभळीचे व रस्त्याच्या कडेच्या सराट्याचे काटे बारमाही असतात. तेव्हा ह्या मुलखास हवी ती सायकल चढास हलका गिअर देणारी, उतारास खात्रीने थांबणारी आणि काट्यांस पुरून उरणारी असावी. ती अत्यंत हलकी असलीच पाहिजे, असे मात्र नाही.

हलकेपणासाठी लोक फार पैसे मोजतात, म्हणून ह्याचा हिशेब मांडून पाहू. स्वार व सायकल मिळून वजन ८० किलो धरा. दोन किलोंनी हलकी सायकल घेतली तर एकूण वजन अडीच टक्क्यांनी उतरते, आणि तीव्र चढावर वेळही जास्तीत जास्त तितकाच वाचतो. चढ पंधरा मिनिटांचा असला, तर ही बचत सुमारे बावीस सेकंदांची झाली. एवढ्यासाठी किंमत दुप्पट मोजावी काय, हे प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. आमचे मत असे, की हौशी स्वाराने तो पैसा हेल्मेट, पुढचा व मागचा दिवा, चांगला पंप, जादा ट्यूबा आणि उत्तम टायर ह्यांवर खर्च करावा.

यंत्राची निवड

पहिली गोष्ट मापाची. दुसऱ्याच्या मापाचा जोडा जसा चालत नाही, तशीच सायकलही. अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे व त्यास ०.८८३ ने गुणावे. पेडलांचे दांडे ज्या मधल्या आसाभोवती फिरतात, त्या आसाच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण तेवढी ठेवावी. ताळा असा : पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असल्यास गुडघ्याचा पुढचा भाग दुखतो. फार वर असल्यास कंबर डुलते व गुडघ्याची मागची बाजू ताणते. गुडघेदुखीमुळे कित्येकांनी सोडून दिलेला हा छंद केवळ सीट दोन बोटे वरखाली केल्याने टिकला असता.

दुसरी गोष्ट गिअरांची. पुढच्या लहान चक्रास ३४ दाते आणि मागच्या मोठ्या चक्रास ३२ दाते असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटर सरकते. पुढे ५० व मागे ११ दाते असताना तीच साडेनऊ मीटर धावते. पहिली जोडी घाटाची, दुसरी उताराची. चढावर अभिमानाने जड गिअर रेटणारा स्वार आपल्या गुडघ्यांचे कर्ज वाढवीत असतो. मिनिटास ८० ते ९० फेरे सहज पडतील असा गिअर निवडावा, हा सामान्य नियम होय.

तिसरी गोष्ट टायरची. पूर्वी शर्यतीच्या सायकलीस २३ मिलिमीटर रुंदीचे टायर लावण्याची चाल होती. आता खरबरीत रस्त्यावर रुंद टायर कमी हवेतही मागे पडत नाही व अंगास हिसकेही कमी बसतात, असे अनुभवास व मोजमापास आले आहे. आपल्याकडे २८ ते ३२ मिलिमीटर रुंदी योग्य. मध्यम वजनाच्या माणसाने २८च्या टायरमध्ये दर चौरस इंचास ७० ते ८० पौंड हवा ठेवावी. मागे थोडी अधिक, पुढे थोडी कमी. येथे एक अडचण ध्यानात ठेवावी. पुष्कळ महागड्या सायकलींच्या ट्यूबांस बारीक, प्रेस्टा पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो, आणि खेड्यातील पंक्चरवाल्याचा पंप त्यास बसत नाही. त्यासाठी एक लहानशी पितळी टोपी मिळते. ती पिशवीत असली म्हणजे कोणत्याही गावी हवा भरता येते. तशीच दुसरी गोष्ट : पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधून काढावा. घाईत हे विसरले, की नवी ट्यूबही अर्ध्या कोसावर बसते.

निगा

निघण्यापूर्वी चार गोष्टी दोन मिनिटांत पाहाव्या : हवा, ब्रेक, साखळी आणि चाकांची पकड. चाक झटकन काढता यावे म्हणून जी दांडी असते, तिचे पेटंट इटलीच्या कंपान्योलो ह्यांनी १९३० साली घेतले. सोय मोठी आहे, परंतु दांडी बंद करताना तळहातावर वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे. सैल दांडीने उतारावर जाणे म्हणजे दैवाशी जुगार होय.

साखळी हा सायकलीचा प्राण आहे. काळ्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळली, की तिचा कानसीसारखा लेप बनतो व साखळी आणि चक्रे दोन्ही झिजू लागतात. म्हणून वंगण थेंब-थेंब, प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूस घालावे, आणि काही वेळाने बाहेरचे सारे फडक्याने पुसून काढावे. कोरड्या ऋतूत मेणाचे वंगण बरे, कारण त्यावर धूळ कमी बसते. झीज ओळखण्यास घरातील फूटपट्टी पुरते. साखळीच्या पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणजे चोवीस अंतरे बरोबर १२ इंच भरली पाहिजेत. ती इंचाच्या सोळाव्या भागाने वाढली की साखळी बदलावी. आठव्या भागापर्यंत वाट पाहिल्यास मागची चक्रेही बदलावी लागतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. सायकल धुताना जोराच्या पाण्याचा फवारा बेअरिंगांवर मारू नये. बादली, फडके व जुना दातांचा ब्रश एवढे पुरे.

ब्रेकची रबरे किंवा पट्ट्या झिजल्या आहेत काय, हे दर आठवड्यास पाहावे. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये, त्याने रिंग वा चकती तापते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोराने पण समतोल दाबून वेग उतरवावा, आणि वळणात मोकळे सोडावे.

अंगाची तयारी

यंत्र एका दिवसात विकत मिळते. अंग मिळण्यास बारा आठवडे लागतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. नंतर आठवड्यातून तीन दिवस पाऊण-पाऊण तास, आणि रविवारी एक लांब फेरी. पहिल्या रविवारी गावापासून आठ किलोमीटरांवरील धाराशिव लेणी पाहून परतावे. मग गोरोबाकाकांचे तेर, मग तुळजापूर. सरतेशेवटी तुळजापुरावरून नळदुर्गास जाऊन परत, म्हणजे शंभरावर किलोमीटर. तेथे बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा ह्याच्या कारकिर्दीत १६१३ साली पुरा झालेला बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल पाहताना श्रमाचे सार्थक होते. आठवड्याचे अंतर दहाव्या हिश्शाहून फार वाढवू नये, व दर चौथा आठवडा हलका ठेवावा. बहुतेक सराव इतक्याच वेगाने करावा, की सोबत्याशी सलग वाक्ये बोलता यावी. छातीत दडपण वा भोवळ वाटली, तर तेथेच उतरावे. पुढच्या गावापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये.

उन्हात तासास अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. केवळ पाणी न पिता मीठसाखरही घ्यावी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरच्या प्रत्येक बाईस ठाऊक असतेच. दर तासास एखादे केळे व राजगिऱ्याचा लाडू पुरतो. कुंथलगिरीचा पेढा मात्र घरी परतल्यावर!

रस्त्यावरील विवेक

उजाडल्यावर निघावे व ऊन तापण्यापूर्वी परतावे. महामार्गाऐवजी गावरस्ते निवडावे. तेथे वेग कमी, सावली अधिक. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे कित्येकदा दिवे नसतात, म्हणून अंधारात ते रस्ते टाळावे. नवरात्रात व कोजागिरीच्या सुमारास तुळजापूरचा रस्ता पायी येणाऱ्या भाविकांचा असतो. त्या दिवसांत सायकल घरीच ठेवावी.

हौशी माणसाची धाव कोठवर जाते, ह्याचे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत आळीपाळीने सायकल चालवून ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. दोघेही पेशाने वैद्य. रुग्णसेवा सांभाळून त्यांनी हे केले. सामान्य हौशी माणसासाठी ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब फेऱ्या असतात. त्यांत क्रमांक नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करणे एवढाच पण. घाई करणाऱ्यापेक्षा टिकणारा तेथे यशस्वी होतो, म्हणून गृहस्थाश्रमी माणसास त्या विशेष मानवतात.

वडील मंडळींस आमची विनंती इतकीच, की सायकल मागणाऱ्यास किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या : पंक्चर स्वतः काढता येते काय, साखळीची झीज मोजता येते काय, आणि भल्या सकाळी कोणत्या रस्त्याने जाऊन किती वाजता परतणार? ह्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर मुलगा असो वा सून, पैसे खुशाल द्यावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर अडगळीतील जुनी सायकल काढून द्यावी व तीन महिने तिच्यावरच शिकू द्यावे. तेवढ्या काळात छंद खरा की हौस तात्पुरती, हे सायकलच सांगेल.