फॉसिल म्हणजे खणून काढलेले



मुलांच्या शाळेच्या पुस्तकात ‘फॉसिल’ हा इंग्रजी शब्द तुमच्या नजरेस पडला असेल. आपण त्याला जीवाश्म म्हणतो. जीव आणि अश्म, म्हणजे दगड झालेला जीव. पण मूळ शब्दात ना जीव आहे, ना दगड. लॅटिन भाषेत ‘फोदेरे’ म्हणजे खणणे. त्यावरून ‘फोसिलिस’, खणून काढलेले. बस्स, एवढेच! या हिशेबाने आपला भुईमूगही फॉसिलच.

पूर्वी अर्थही तसाच ढोबळ होता. जर्मनीतील जॉर्जियस अग्रिकोला यांनी १५४६ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यात माती, खनिजे, रत्ने, सारेच फॉसिल! गंमत अशी, की या गृहस्थांचे मूळ आडनाव बाउअर, म्हणजे शेतकरी. अग्रिकोला हे त्याचेच लॅटिन रूप. पुढे खनिजे या शब्दातून गळाली आणि प्राचीन प्राणी-वनस्पतींचे अवशेष तेवढे उरले.

मेलेला जीव गाळाखाली लवकर गाडला गेला, तर पाझरणाऱ्या पाण्यातील क्षार हाडांत भरतात आणि हाडांचा दगड होतो. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याच्या शिवारात डायनोसॉरची अशी हाडे मिळाली आहेत. शिवाय दगड झालेले शेणही! हसू नका. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे २००५ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. भाताचे पान बोटाला कापते, ते याच सिलिकामुळे. त्या कणांत भाताच्या गोतातल्या गवताचेही कण होते. गवत डायनोसॉरच्या नंतर आले, ही तोवरची समजूत त्या शेणाने मोडली.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका गावी विहिरीच्या खोदकामात शंख असलेला दगड निघाल्याचे कळले. मी पोहोचेपर्यंत त्याची खडी होऊन रस्त्यावर पडली होती. कुणाचा दोष? सांगितलेच नव्हते कुणी.

तेव्हा तुमच्या शेतात हाडासारखा, शंखासारखा किंवा लाकडाच्या रेषा असलेला दगड निघाला, तर घण घालू नका. गट नंबर, किती फुटांवर आणि कोणत्या थरात मिळाला, ते लिहून ठेवा. तलाठ्याला सांगा, किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला पत्र टाका. थर कळला नाही, तर त्या दगडाचे वय सांगणे कठीण होऊन बसते.