पासवर्ड दणकट, तरी वायफाय ठप्प

अलोरे गावात पावसाळ्यात नेट गेलं की दोनच निदानं ऐकू येतात: ‘लाइन तुटली’ नाहीतर ‘कुणीतरी हॅक केलं’. पहिलं बहुतेकदा खरं निघतं. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस, झाड पडलं की केबल गेली. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे, माजघरात रेंज मिळत नाही, तोही हल्ला नव्हे. दुसऱ्या निदानात मात्र बराच गोंधळ आहे.

वायफाय बंद पाडायला पासवर्ड फोडावा लागतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. घरात शिरून चोरी करणं वेगळं आणि बाहेरून कडी घालणं वेगळं. सेवा ठप्प पाडणारा कडी घालतो. 1997 साली वायफायचं मानक आलं, तेव्हापासून राउटर आणि फोन यांच्यात ‘जोडणी तोड’ असा एक छोटा संदेश असतो. तुमचा मजकूर कुलूपबंद जातो, पण हा संदेश कितीतरी वर्षं उघडाच जात असे. त्यावर पाठवणाऱ्याची खात्री पटवणारी खूण नसे. राउटरचा पत्ता हवेत सगळ्यांना दिसतो. तो पत्ता लावून कुणीही खोटा संदेश सोडला की फोन निमूट बाजूला होतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा सुटतो. 2003 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बेलार्डो आणि सॅव्हेज यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. या संदेशांवर शिक्का मारण्याची सोय 2009 मध्ये मानकात आली आणि 2018 च्या डब्ल्यूपीए-3 या वायफाय सुरक्षा पद्धतीत ती सक्तीची झाली. जुन्या डब्ल्यूपीए-2 राउटरमध्ये ती असली तरी अनेकदा बंद असते. सेटिंगमध्ये ‘पीएमएफ’ नावाने शोधावी.

मग डब्ल्यूपीए-3 घेतला की सुटलो? पुरतं नाही. 2019 मध्ये वॅनहूफ आणि रोनेन यांनी दाखवलं, की खोट्या जोडणी-विनंत्यांचा मारा केला तर राउटरचा प्रोसेसर हिशेब करता करताच दमतो. आणि त्याच लहरींवर कुणी नुसता गोंगाट केला, तर कुठलंही कुलूप कामाचं नाही.

हे उद्योग फक्त लपून बसलेले हॅकरच करतात, असंही नाही. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मॅरियट हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट अशाच ‘जोडणी तोड’ संदेशांनी पाडले जात. 2014 मध्ये कंपनीला 6 लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 आणि 66 नुसार सेवा अडवणं हा गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘आमच्या मोडेममध्ये चोरण्यासारखं आहे काय?’ हा समज सर्वांत महाग पडतो. जुलै 2017 मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम एकामागून एक बंद पडले. त्यामागे असलेल्या ‘ब्रिकरबॉट’ या घातक प्रोग्रॅमला चोरायचं काहीच नव्हतं. कारखान्यातून आलेलं लॉगिन तसंच राहिलेली यंत्रं शोधायची आणि आतली साठवण पुसून ती निकामी करायची, एवढाच त्याचा धंदा. ते लॉगिन बदला, असं बीएसएनएलला तेव्हा ग्राहकांना सांगावं लागलं. वायफायचा पासवर्ड आणि मोडेमचं हे लॉगिन वेगळं असतं. पहिला आपण कौतुकाने बदलतो, दुसरं वर्षानुवर्षं ‘अॅडमिन’च राहतं.

हल्ल्याची शंका आलीच, तर कॉम्प्युटर राउटरला तारेने जोडून बघावा. तारेवरही नेट नसेल तर दोष बहुधा लाइनचा. तारेवर सुरळीत, पण राउटरशेजारीही सगळे फोन वारंवार सुटत असतील, तर तक्रारीत नेमकं तसंच सांगावं. नुसतं ‘नेट नाही’ म्हटलं, की लाइनमन खांबावर चढतो, उतरतो आणि ‘लाइन ओके आहे’ म्हणून निघून जातो.