खुले जाळे, सुलभ वापर

ऑनलाइन बाजारात जेथे विक्रेते अधिक तेथे ग्राहक जातो आणि जेथे ग्राहक अधिक तेथे विक्रेता. अर्थशास्त्रात यास ‘नेटवर्क परिणाम’ म्हणतात. परिणामी व्यवहार मोजक्या कंपन्यांकडे एकवटतात. त्यांनी कमिशन वाढविले तरी छोट्या दुकानदारास बाहेर पडणे परवडत नाही.

यावर पर्याय म्हणून केंद्र शासनाच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओएनडीसी’ ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. हे दुकान नव्हे. ‘बेकन’ या खुल्या नियमावलीवर चालणारे जाळे होय. ग्राहक एका ॲपवर मागणी नोंदवितो, विक्रेता दुसऱ्या ॲपवर ती स्वीकारतो आणि माल तिसरी संस्था पोहोचवू शकते.

मात्र जबाबदारी विभागली की अडचणही वाढते. माल खराब निघाल्यास दाद कोणाकडे मागावी, हे ग्राहकास स्पष्ट नसेल तर तो जुन्याच मंचाकडे परततो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने हा प्रश्न सुलभतेने सोडविला : बँका अनेक, परंतु पैसे पाठविण्याची रीत एकच. तरीही यूपीआयचे बहुतांश व्यवहार दोनच ॲपमधून होतात. म्हणजे खुल्या जाळ्यातही केंद्रीकरण संभवते. फरक इतकाच की, ॲप बदलल्याने बँक खाते बदलावे लागत नाही.

तात्पर्य, विकेंद्रीकरणाची खरी कसोटी मंचांची संख्या नसून, नुकसान न सोसता मंच बदलण्याची मुभा ही होय. दुकानदाराचा नावलौकिक व ग्राहकांचे अभिप्राय त्याच्यासोबत नव्या ॲपवर जाऊ शकले, तरच ही मुभा प्रत्यक्षात येईल.