सून नोकरीसाठी परदेशी निघते तेव्हा

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवा नाही. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यातले पुरुष आधी जहाजावर गेले, काही आफ्रिकेत गेले, मग १९७०नंतर कुवेत, सौदी, दुबईला गेले. घर मात्र इथेच राहिले. बायको, मुले, आईवडील गावात आणि कर्ता पुरुष एक-दोन वर्षांनी सुट्टीवर, असा संसार आपण दोन-तीन पिढ्या केला. आता काही घरांत हे उलटे झाले आहे. नोकरीचा करार सुनेच्या नावाने येतो, व्हिसा तिच्या नावाने निघतो आणि नवरा-मुले तिच्यावर अवलंबून म्हणून मागून जातात. ही सून नर्स असते.

मुलीला नर्सिंगला घालायचे म्हटले की आपल्याकडे वर्षानुवर्षे नकार यायचा. रात्रपाळी आहे, परपुरुषांची सेवा करावी लागते, गणवेश कसला असतो. आम्ही शिक्षक मंडळी पालकांना हजरत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांचे उदाहरण द्यायचो. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना मस्जिदे नबवीतल्या त्यांच्याच तंबूत उपचारासाठी ठेवले होते. पालक ऐकून घ्यायचे, "सुब्हानल्लाह" म्हणायचे आणि मुलीचा फॉर्म डीएडचा भरायचे. आता नर्सिंगचेही फॉर्म भरले जातात. तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बीएस्सी करून मुली मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत काम करतात आणि लग्नानंतर बाहेरचा विचार सुरू होतो. आखातात काय चालते ते घराघरांत ठाऊक आहे, म्हणून इथे आम्ही ब्रिटनबद्दल लिहितो. तिकडे कुटुंब बरोबर नेता येते, म्हणून ओढा आहे आणि गैरसमजही तिथेच जास्त आहेत.

पहिला गैरसमज एजंट पसरवतात. "केअरचा व्हिसा म्हणजे नर्सचाच, फॅमिलीही जाते" असे सांगून लाखो रुपये मागितले जातात. हे खोटे आहे. वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करना मार्च २०२४पासून कुटुंब नेता येत नाही आणि जुलै २०२५पासून परदेशातून त्या कामासाठी नवी भरतीच बंद आहे. नोंदणीकृत नर्सला मात्र पती आणि मुले नेता येतात. नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला ब्रिटनच्या नियमांत मनाई आहे. भारतात नोंदणीकृत एजंटलाही ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दागिने मोडून दहा-बारा लाख मागणारा माणूस दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. दुसरे असे की २०२४पासून ब्रिटनची परदेशी भरती पुष्कळ आटली आहे. हातात पत्र येण्याआधी इथली नोकरी सोडू नये.

कागदांचे काम लांबते ते बहुधा नावांमुळे. शाळेच्या दाखल्यात फातिमा, आधारवर फातेमा, पासपोर्टवर फातमा. वडिलांचे नाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचे नाव लागते आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत माहेरचे राहते. इंग्रजांच्या कार्यालयातल्या माणसाला या चार वेगवेगळ्या बाया वाटतात, त्यात त्याचा दोष नाही. राजपत्रात नाव बदलून घ्यायला वेळ लागतो, म्हणून परीक्षेच्या अभ्यासाआधी हे काम हाती घ्यावे. तीच गोष्ट निकाहनाम्याची. काझीसाहेबांनी उर्दूत लिहून दिलेला निकाहनामा आपल्यासाठी पुरेसा असतो, व्हिसासाठी सरकारी विवाह नोंदणीचा दाखला हाताशी असावा. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात पालिकेत ही नोंदणी होते. काझीसाहेबांची सही आणि तीन साक्षीदार लागतात. लग्नाला दहा वर्षे झाली तरी ती करता येते, फक्त काझीसाहेब हयात असताना केलेली बरी. मुलांच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी राहिलेली असते, तीही भरून घ्यावी.

इंग्रजीची परीक्षा हा मोठा अडसर. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. ओईटी दिली तर तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुली संभाषणात तरून जातात आणि लेखनात अडतात. आम्हाला यात मुलींपेक्षा आमच्याच पद्धतीचा दोष दिसतो. दहावीपर्यंत निबंध पाठ करून घेतले जातात, स्वतःच्या मनाने दोन परिच्छेद लिहायची वेळ कुणी आणत नाही. वॉर्डात रुग्णाचे हँडओव्हर लिहिणारी मुलगी ओईटीत जास्त रमते, कारण तिथे रुग्णाबद्दलच पत्र लिहायचे असते. इंग्रजीबरोबर सीबीटी ही संगणकावरची परीक्षा भारतातच देता येते.

तिथे गेल्यावर दुसरी परीक्षा असते, ऑस्की. दहा ठिकाणी दहा कामे करून दाखवायची. नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांच्या आत ती पहिल्यांदा द्यावी लागते आणि आठ महिन्यांत नोंदणी पूर्ण व्हावी लागते. रुग्णालयाकडून सुरुवातीला बहुधा एकटीपुरती खोली मिळते. म्हणून बऱ्याच जणी आधी एकट्या जातात आणि ऑस्की झाल्यावर, घर भाड्याने मिळाल्यावर कुटुंब बोलावतात. इथे महरमचा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. आपल्याकडे कोकणात शाफई आहेत, घाटावर हनफी आहेत, उलमांच्या मतांत फरक आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फतवे देण्यापेक्षा मुफ्तीसाहेबांसमोर संपूर्ण परिस्थिती ठेवून विचारावे. काही जोडपी एकत्रच निघतात. मग पहिल्या महिन्यांचे भाडे जवळ लागते, आणि व्हिसासाठी पतीचे २८५, पहिल्या मुलाचे ३१५ व पुढच्या प्रत्येक मुलाचे २०० पौंड बँकेत २८ दिवस दाखवावे लागतात. नोकरी देणाऱ्याने हमी घेतली तर ही रक्कम दाखवावी लागत नाही.

खरी परीक्षा नवऱ्याची असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. इथे तो दुकानदार असतो, शिक्षक असतो, बँकेत असतो. तिथे त्याला जवळजवळ कोणतेही काम करायची मोकळीक असते, पण त्याच्या पदवीला लगेच कुणी विचारत नाही. गोदामात, टॅक्सीवर, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सुरुवात होते. मदिनेत हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना त्यांच्या अन्सारी भावाने अर्धी संपत्ती देऊ केली, तेव्हा त्यांनी दुआ दिली आणि बाजाराची वाट विचारली. ते चीज आणि तूप विकू लागले. आमच्या मते जाण्याआधी प्रत्येक नवऱ्याने स्वतःला हा प्रश्न विचारावा: मी बाजाराची वाट विचारीन, की घरी बसून बायकोच्या पगाराचा हिशेब करीन? शरीअतीप्रमाणे तिची कमाई तिची आहे आणि घरखर्च पतीवर आहे. ती स्वखुशीने घरात घालील ते तिचे औदार्य. तिने माहेरी अम्मीअब्बांना काही पाठवले तर त्यावर घरात चर्चा व्हायचे कारण नाही.

ड्यूटी साडेबारा तासांची असते, आठवड्याला सरासरी साडेसदतीस तास. म्हणजे ती सकाळी सहाला निघाली की रात्री नऊला घरी. त्या दिवशी मुलांचा डबा, शाळा, गृहपाठ, रात्रीची भाकरी नवऱ्याकडे. पाळणाघर फार महाग आहे आणि इकडच्यासारखे खालाकडे रोज सोडता येत नाही. पैसे घेऊन लहान मुले दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायची तर इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी लागते. त्यामुळे बरीच जोडपी उलटसुलट पाळ्या घेतात आणि आठवड्यात एकमेकांना दारातच भेटतात.

दीनाची अडचण लोक समजतात तेवढी नाही. हिजाब चालतो. कोपराखाली हात उघडे ठेवायचा नियम संसर्गासाठी आहे, पण २०१०च्या सुधारित सूचनांत एकदा वापरून टाकायच्या बाह्यांना परवानगी दिली गेली. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत नमाजची जागा असते. अवघड असतो डिसेंबर. सूर्य चारच्या आधी मावळतो, जोहर, असर आणि मगरीब तिन्ही एकाच ड्यूटीत येतात. सुट्टीची वेळ पहिल्याच आठवड्यात वॉर्डच्या प्रमुखांशी बोलून घ्यावी. गावाची निवडही पाहावी. लेस्टर, ब्लॅकबर्न, बोल्टनमध्ये भरूच-सुरतकडच्या लोकांनी मशिदी आणि शाळेनंतरचे मदरसे उभे केले आहेत. पण नोकरीचे पत्र एखाद्या समुद्रकाठच्या छोट्या गावातूनही येऊ शकते, जिथे जुम्याला बस पकडून जावे लागेल. सही करण्याआधी नकाशा उघडावा. मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती पैसे परत द्यायचे, हे कलमही तेव्हाच वाचावे.

मुले लवकर रुळतात. सरकारी शाळा मोफत असते आणि चार वर्षे पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरपासून पहिला वर्ग सुरू होतो. वर्षभरात ती आपसांत इंग्रजीत भांडू लागतात. घरात उर्दू की मराठी, हा वाद घालू नये. दादीशी फोनवर जी भाषा बोलायची ती घरात ठेवावी.

दादी मात्र इथेच राहते. वृद्ध आईवडिलांना कायमचे तिकडे नेण्याचे नियम इतके कडक आहेत की ते जवळजवळ अशक्य समजावे. सून तिकडे परक्यांच्या म्हाताऱ्यांची उशी सारखी करते आणि तिची सासू गावात गुडघे धरून जिना चढते. म्हणून करारावर सही होण्याआधी दीर, जाऊ, नणंदा आणि माहेरचे भाऊ, सगळ्यांना एकत्र बसवावे. दवाखान्यात कोण नेणार, औषधाचे पैसे कुणाच्या खात्यावर येणार, रात्री फोन कुणी उचलायचा, हे नावानिशी ठरवावे. आणि कुणाला काही झाले तर लंडनहून पोहोचायला दीड दिवस लागतो, तेव्हा दफन कुणासाठी थांबवायचे नाही, हेही त्याच बैठकीत मोकळेपणाने बोलून ठेवावे.